डाव्या कानातला बोळा

कानात काही घाल म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. आणि ज्या माणसाच्या नादानं मी शेवटी ते घातलं, त्याचं आणि माझं कधी पटलं नाही. आताही पटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर वाचणारे उगाच गळा काढतात.

मी ऑर्केस्ट्रात गाते. पूर्वी आमचे कार्यक्रम उरुसात, लग्नात, हळदीला व्हायचे. नांदेड, लोहा, पार इस्लापूरपर्यंत टेम्पोत पेट्यांवर बसून गेलेली बाई आहे मी. मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर हॉस्टेल, खाली मेस, आणि चौकात पोरापोरींचे हे एवढाले फोटो, प्रत्येकाच्या गळ्याखाली मार्कांचा आकडा. निकाल लागला की क्लासवाले गुणवंतांचा सत्कार ठेवतात. आईबापांना फेटे बांधतात. पोरं पुढच्या खुर्च्यांवर पेंगत असतात, कारण वर्षभर त्यांना कुणी धड झोपू दिलेलं नसतं. मधेमधे गाणी लागतात, म्हणून आम्ही.

मला त्या सरलोकांचा लई राग येतो. अर्ध्या अंतऱ्यात स्टेजवर चढतात, माझ्या हातातला माइक ओढतात, पुढच्या बॅचची जाहिरात करतात आणि वर म्हणतात, "मॅडमसाठी एकदा जोरदार टाळ्या." टाळ्या घाल चुलीत. पण उरूस कमी झाले, लग्नात डीजे आले, राहता राहिले हे सत्कार. नाक मुठीत धरून जात होते.

हे सत्कार व्हायचे पत्र्याच्या मंगल कार्यालयात. वर पत्रा, मागं ढोलकी, पॅड, कीबोर्ड, आणि माझ्या पायाशी एक मॉनिटरची पेटी, म्हणजे माझाच आवाज मला ऐकवणारा स्पीकर. त्यातून काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओढून गातो. मीही ओढत गेले. एका हंगामात गळा असा बसला की चार दिवस आईशी हातवाऱ्यांनी बोलत होते. डॉक्टरनं घशात नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "गाठी धरायला लागल्यात. असंच ओरडत राहिलात तर गाणं बंद होईल."

"मी ओरडत नाही, गाते," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"स्वतःचं ऐकू येत नाही तोवर ओरडताच," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. असा राग आला! पण मला गाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. भाकरीसुद्धा धड येत नाही, आई अजून नावं ठेवते. गळा गेला म्हणजे मी गेले, एवढं मला कळत होतं.

आता आमचा साउंडवाला. नांदेडचा. त्याच्या आजोबापासून घरात भोंगे लावायचा धंदा, त्यामुळं आवाजातलं खुदालाच काय ते याच्यापेक्षा जास्त कळतं अशी याची समजूत. सगळे त्याला भाई म्हणतात, मीही म्हणते. माझं गळ्याचं समजलं तसा तो एक डबी घेऊन आला. आत कानात घालायचे दोन मॉनिटर, पावट्याच्या दाण्याएवढे, त्यांना वायर आणि रबरी टोप्या.

"ताई, आता पेटी बंद. तुमचा आवाज सीधा कानात. फक्त सील बसलं पायजे. हवा निसटली की ढोलकी गायब, आवाज पातळ, आणि तुमी परत बोंबलणार."

"मी कानात काही घालत नसते."

"कायकू?"

"नाही घालत म्हटलं ना."

पण डॉक्टरचं बोलणं डोक्यात होतं. घातले. उजवा बसला. डावा पडला. मोठी टोपी लावली तर कान ठणकायला लागला, बारीक लावली तर पहिल्याच मुरकीला बाहेर. भाई म्हणाला, "तुमचा कान वाकडा हाय." मी म्हटलं, "तुमची नजर वाकडी हाय." मग म्हणाला, थुंकी लावून बसवा, सगळे गाणारे तसंच करतात. शी! मी ती डबी त्याच्या अंगावर फेकली. वादक लोक आमच्याकडं बघत चहा पीत बसले, त्यांना फुकट तमाशा.

तरी त्यानं पिच्छा सोडला नाही. मला नांदेडला कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. तिथं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कानाचं माप घेऊन साचा करतात. ह्याचं म्हणणं, त्याच मापात आपले मॉनिटर बसवून घेऊ. बाकावर सगळे ठार बहिरे, एकमेकांशी मोठ्यानं बोलून राहिलेले, आणि मी मधे तोंडावर पदर घेऊन. दुकानदारानं मला खुर्चीत बसवलं. गुलाबी लगदा पिचकारीत भरला. आणि आधी, लगदा आत जाऊ नये म्हणून, दोरा बांधलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून डाव्या कानाकडं आणला.

खुर्चीचा दांडा असा धरला की नखं दुखली.

भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. औशाच्या पुढं आमचं गाव. गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, डावा कान ठणकत होता. आईनं लसूण टाकून तेल कोमट केलं, कानात सोडलं, वर कापसाचा बोळा कोंबला आणि वारं लागू नये म्हणून वरून फडकं बांधलं. तेवढ्यानं अक्काला बरं वाटलं, ती लगेच झोपली. पहाटे हादऱ्याच्या आधी आवाज आला, खालून, जमिनीतून. आईनं मला उचलून अंगणात टाकलं आणि परत दाराकडं पळत ओरडली, "ऊठ गं, भाईर पळ!" अक्का उजव्या कुशीवर झोपली होती. उघडा कान उशीत, बोळ्याचा कान वर. आई दुसऱ्यांदा ओरडली. मग वरचं मातीचं माळवद खाली आलं.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हापासून आमच्या घरात कानाला काही लावत नाहीत. थंडीत मफलर नाही, कान फुटला तरी कापूस नाही. रात्री फळीवर पेले एकावर एक उलटे रचायचे, जमीन हलली तर पडून वाजतील म्हणून. आईनं पुन्हा कुणाच्या कानात तेल घातलं नाही. माझ्याही नाही, शेजारच्या लेकरांच्याही नाही. आता लातुरात सिमेंटच्या घरात राहतो, तरी पेले आहेतच.

हे मी दुकानात कुणाला सांगितलं नाही. दात आवळून बसले. माप झालं.

साचे आले. आणि सांगायला मला फार आनंद होतो की ते फसले. गप बसलं की सील पक्कं, पण वरच्या सुराला तोंड उघडलं की डाव्या कानात फस्सकन हवा शिरायची आणि ढोलकी गायब. भाई म्हणाला, "मग तोंड इतकं उघडू नका ना."

"मग गाऊ कशानं, नाकानं?"

दुकानदाराकडं परत गेलो तेव्हा तोच डोक्याला हात लावून म्हणाला, जबडा उघडला की कानाची भोकं आकार बदलतात. म्हातारी माणसं गप बसून ऐकतात म्हणून आपण तोंड मिटून माप घेतो, गाणाऱ्याचं कधी घेतलं नाही. दोघं शहाणे! मग माझ्या दातांत काडेपेटी उभी धरायला लावली आणि लगदा वाळेपर्यंत मी तशीच, आ वासून, लाळ गळत. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "हिला काय झालं गं?" भाई भिंतीकडं तोंड करून हसत होता. मी ते विसरलेले नाही.

हे साचे मात्र बसले. दुखत नाहीत, टोचत नाहीत, तोंड कितीही उघडा, हलत नाहीत. दुपारच्या मोकळ्या हॉलमध्ये भाईनं ते माझ्या कानात फिरवून बसवले, आणि जग बंद झालं. पंखा फिरत होता, आवाज नाही. दार आपटलं, आवाज नाही. भाईचे ओठ हलत होते. माझ्या छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती. मी डावा साचा उपसून काढला.

"अरे, कायकू काढता? एकदम फिट बसला होता!"

"गरम होतंय."

पुढं प्रत्येक कार्यक्रमात तेच. पहिलं गाणं कसंबसं, दुसऱ्याला डावा बाहेर, खांद्यावर लोंबता. एका कानानं ऐकायचं म्हणजे हॉलचा सगळा गोंगाट दुसऱ्या कानातून आत, मग भाई उजव्या कानाचा आवाज वाढवणार, कान दुखणार, आणि मी पुन्हा ओढणार. तो माझ्याकडं बघून कपाळ बडवायचा. मी त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं.

लातूरच्या एका सत्काराला जे व्हायचं ते झालं. अंतऱ्याच्या चढाला आवाज फाटला. फाटला म्हणजे नुसता वारा आला. पुढच्या रांगेतली झोपलेली पोरं जागी झाली. सरांनी तेवढी संधी साधली, माइक घेतला आणि म्हणाले, मॅडम थोडी विश्रांती घेतील, तोवर आपल्या नव्या बॅचविषयी.

स्टेजच्या मागं भाई माझ्या अंगावरच आला. "माझी मेहनत गेली चुलीत! साचा बसवला, परत बसवला. आणि तुमी काढून खांद्यावर टाकता? गळा मारायचाय का सोताचा? डॉक्टर मूर्ख, दुकानवाला मूर्ख, मी मूर्ख, एकट्या तुमी शहाण्या!"

आणि मग मी ओरडले. होता नव्हता तो आवाज लावून ओरडले. अक्का, तेल, बोळा, फडकं, उजवी कूस, माळवद, सगळं. वादकांनी चहाचे कप खाली ठेवले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

मला वाटलं आता भाई हळहळेल, आणि हळहळला असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. पण तो वैतागून म्हणाला, "मग पयलेच सांगायला काय झालं होतं? आमची अम्मीबी अजून पेल्यावर पेला उलटा ठेवती. मला काय परमुलखातला समजलं का?" मग त्यानं विचारलं, "तुमची आई काय वरडली होती?"

"काय करायचंय तुम्हाला?"

"सांगा ना बाई."

मी सांगितलं. तो त्याच्या आवाजाच्या मिक्सरकडं निघून गेला. सर अजून बॅचचे फायदे सांगत होते. मला जाऊन गायचं होतं, नाहीतर ऑर्केस्ट्राच्या मालकानं दुसरी बाई आणलीच असती, ती तर टपूनच होती. मी उजवा घातला. डावा हातात धरून उभी राहिले. मग घातला.

जग बंद झालं. पोरं, सर, पंखे, काही नाही. हात साच्याकडं निघालाच होता, तेवढ्यात दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या आत, खरखर झाली आणि भाईचा आवाज आला. त्याच्या मिक्सरवर एक छोटा माइक असतो, त्याच्यातलं फक्त माझ्या कानात येतं. इतके दिवस तो त्यात नुसता खेकसत होता.

"ताई, हात खाली घ्या. जमीन जाग्यावर हाय. माझं लक्ष हाय तिच्याकडं, तुमी फक्त गा."

मी त्याच्याकडं बघितलं. हॉलच्या त्या टोकाला, मिक्सरच्या मागं, तो नेहमीसारखा तोंड वाकडं करून उभा होता.

"काय झालंच, तर मी हितून तेच वरडीन. ऊठ गं, भाईर पळ. बराबर ना? आयकू येऊन राह्यलं का?"

आईची हाक बाहेरून होती. ही आतून आली होती, बोळ्याच्या आतल्या बाजूनं. ढोलकीवाला माझ्याकडं बघत थांबला होता.

"ताई. आयकू येतंय का, इचारलं मी."

मी हात वर केला. येतंय.