गेटच्या आत राहिलेल्या चपला

गफूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून गेटजवळच्या बोर्डावरचा आकडा बदलत होतो. ‘अपघाताविना दिवस’ असं त्याच्या वर लिहिलेलं आहे. टाकव्याजवळच्या आमच्या कारखान्यात सेफ्टीचं काम माझ्याकडे. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, “सायेब, अब्बा गेले.” आदल्या दुपारी ते ट्रकवरून पडले होते, आमच्या गेटच्या बाहेर, चार पावलांवर... बाहेर म्हणजे आमच्याकडचं नव्हे, आकडा चालू ठेव, असं मॅनेजरसाहेबांनी संध्याकाळीच बजावलं होतं. फोन खिशात टाकून मी आकडा एकाने वाढवला. हे लिहिताना लाज वाटते.

गफूरभाई टाकवे बुद्रुकचे, उभा जन्म ट्रकवर गेलेला. आत यायचं तर कंपनीचे बूट घालावे लागत, म्हणून ते आपल्या चपला माझ्या केबिनमध्ये काढून ठेवत. माल भरला की बूट परत करायचे, अनवाणीच गाडी बाहेर न्यायची, मालावर चढून ताडपत्री बांधायची आणि मग चपला न्यायला यायचं. आत शेडमध्ये कमरेचा पट्टा अडकवायला वर तार होती. पण ताडपत्री बाहेरच बांधायची, हा आमचा नियम. “म्हंजे पडायचं तर भाईर पडायचं व्हय?” त्यांनी एकदा हसत विचारलं होतं. मीही हसलो होतो.

त्या दुपारी धरणाकडून वारा सुटला होता. “आज आत बांधू द्या सायेब, वारं लय हाय.” मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. “लवकर उरका, भाई,” मी म्हणालो. ते बाहेर जाऊन चढले. मी खालून बघत राहिलो. ताडपत्री एका बाजूने फुगली, त्यांनी दोर सोडला नाही... ‘सोडा’ असं मी ओरडलो की नुसतं मनात म्हणालो, ते आजही सांगता येत नाही.

परवा पुन्हा तसाच वारा होता. एका ड्रायव्हरला मी गाडी शेडमध्येच थांबवायला लावली, पट्टा स्वतः अडकवून दिला. तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले.

“कोणाला विचारलंस?”

“कोणालाच नाही.”

त्यांनी वर पाहिलं, ‘बरं’ म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले. एवढंच होतं ते. त्या दुपारीही एवढंच झालं असतं.

चपला अजून केबिनमध्येच आहेत, एकीचा अंगठा नव्याने शिवलेला. मुलगा एकदा येऊन गेला, पण त्याच्यापुढे त्या ठेवायचा मला धीर झाला नाही. रोज सकाळी आकडा बदलायला स्टूल ओढायचं, तर आधी त्या सरकवाव्या लागतात.