वाळूची बादली

आमच्या बाबांना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. बादली, बस्स. कुठं जरा धूर दिसला की हे पाणी घेऊन हजर. एकदा तर साहेबांच्या सिगारेटवर ओतलं होतं.

मग मॅग्नेशियमचे भाग कापायचं काम आलं. मी तिथंच तपासणीच्या टेबलावर असते, म्हणून सगळं कानांवर पडलं. फोरमननं बजावलं, "याचा कीस पेटला तर पाणी नाही. तापलेला हा धातू पाण्यातला ऑक्सिजन ओरबाडून घेतो, उरतो हायड्रोजन, तो वर आणखी पेटतो. कोरडी वाळूच टाकायची." बाबांना पटेना. ते पित्तावर जे पांढरं औषध घ्यायचे तेही याच धातूचं, हे ऐकून तर त्यांनी चक्क हात जोडले. "पोटातली आग विझवतो, आणि बाहेर हे असले धंदे?" पण माणूस ऐकणारा. त्याच दिवशी स्वतः वाळू चाळली, वाळवली, नव्या बादलीत भरून पाण्याच्या बादलीशेजारी ठेवली.

आणि तरी घडलं. लेथखालच्या किसानं पेट घेतला. बाबा सगळ्यांत जवळ. मागं न बघता हात लांब करून ओरडले, "बादली!"

मागं वेल्डरकाका होते, बाबांचे जिवलग. वर्षानुवर्षं हीच हाक ऐकलेली. त्यांनी पाण्याची उचलली आणि बाबांच्या हातात द्यायलाही न थांबता आगीवर फेकली.

आधी उजेड, मग आवाज. मी टेबलाखाली कशी गेले, आजही सांगता येत नाही. डोकंच बंद पडलं होतं. बाहेर आले तर सगळीकडे पांढरी राख, आणि बाबा उभेच. डोळे गच्च मिटलेले, हात तसाच लांब केलेला.

डॉक्टर म्हणाले, "चुन्याच्याच भावकीतली राख, झोंबणारच. पण खरी भीती त्या उजेडाची. डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर कळेल." वेल्डरकाका रोज दवाखान्यात येऊन खाटेच्या पायाशी बसायचे. उलट बाबाच त्यांची समजूत घालायचे. "अरे, 'वाळूची' म्हणालो असतो तर जीभ झिजली असती का माझी?" मला दोघांचाही राग यायचा.

पट्टी काढायची म्हणून पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. बाबांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तो दिवा तरी बंद करा रे. केवढा उजेड."

दिवा लागलेलाच नव्हता. मी आईकडं बघितलं, आईनं माझा हात धरला. वेल्डरकाकांना काय सुचलं कोण जाणे, ते उठले आणि बटण दाबलं. खोली लख्ख उजळली.

"दाबलंस ना?" बाबा थेट दिव्याकडं बघत म्हणाले. "मग अजून जात का नाही?"