आलापल्लीची पेटी आणि इजिप्तचा जळका देव

धाकट्या भावाचं, मिलिंदचं नवं नाटक झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीवर, येतंय आणि ते इजिप्तच्या सेत देवावर आहे, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. तो चौथीत असताना ती गोष्ट मीच त्याला सांगितली होती. सेत म्हणजे वादळाचा देव, भावाचा मान बघून जळणारा. भावाच्या मापाची सुंदर पेटी करवून घेतो, भर मेजवानीत म्हणतो, जो हिच्यात नेमका मावेल त्याची ही. भाऊ आत झोपला की झाकण ठोकून नदीत सोडतो.

पोस्टरवर मिलिंदचं नाव ठसठशीत, माझं कुठंच नाही. वर त्याचाच फोन, "दादा, आलापल्लीहून सागवानाची पेटी आणून देशीन का? ओसिरिस, म्हणजे सेतचा भाऊ करणारा पोट्टा तुह्याच उंचीचा हाय." मी निघालो, पण जाब विचारायला.

नागपूरहून गडचिरोली, तिथून आलापल्ली. एसटीनं अख्खा दिवस जातो, म्हणून गडचिरोलीत भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊन घ्या. आलापल्लीचे जुने साग बघायला सकाळ राखून ठेवा. इतकं सरळ वाढायचं आणि शेजारच्याकडे बघायचंही नाही, हे त्या झाडांनाच जमतं.

सुतारभाऊंनी पेटी तयार ठेवली होती. "झोपून पाहा न भाऊ, मापाचं समजून जाईन." झोपलो. चपखल बसलो. "श्वासाले भोकं ठेवली हाय," ते म्हणाले. लाकडाची पावती मागून घ्या, वनखात्याच्या नाक्यावर विचारतात. मग पेटी पिकअपमध्ये टाकून ब्रह्मपुरी गाठली.

तिथल्या एका गावात दुपारी रंगीत तालीम होती. अर्धं गाव जमलेलं. सेत स्वतः मिलिंदच. "दादा, सेत नुसता दुष्ट नाई," तो म्हणाला. "सूर्याच्या नावेवर उभा राहून अंधाराच्या सापाले तोच भाला मारते, म्हणून सकाळ होते." हे मला ठाऊकच नव्हतं. त्याचा आणखी राग आला.

ओसिरिसचे खांदे पेटीत अडकले. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. "आजच्यापुरता तू झोप न. बोलायचं काईच नाई."

झोपलो. झाकण बसलं. बाहेर शिट्ट्यांवर शिट्ट्या, सगळ्या त्याला. आत मी जळत पडलेलो. मग त्याचा आवाज आला, "या पेटीत माहा दादा हाय. हे गोष्ट त्यानंच मले सांगतली. पोस्टरवर त्याचं नाव टाकाचं होतं, पण विचारलं असतं तं नाईच म्हणला असता."

खरं होतं, नाहीच म्हटलं असतं. मी आतून झाकण ठोकलं, काहीतरी बोलायचं होतं. गावाला वाटलं अभिनय चाललाय. टाळ्या थांबेचनात.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मग, विचारला का जाब?"

"पेटी झकास झालीय," मी म्हणालो.

प्रवासातलं बरंच विसरलो, सागाचा वास तेवढा नाकात आहे. काल मिलिंदनं फोनवर नवं पोस्टर पाठवलं. कथा म्हणून माझं नाव आहे, त्याच्यापेक्षा बारीक अक्षरात. मी ते बोटांनी मोठं करून पाहिलं, आणि मग बायकोलाही दाखवलं.