एक रात्र गोठलेली बाटली

१४ मार्चला प्रयोगशाळेत अँटीबॉडीची बाटली आली. किंमत अडतीस हजार सातशे चाळीस रुपये, आकार करंगळीच्या पेराएवढा. तिथल्या तंत्रज्ञ काकांनी सही केली, तारीख घातली आणि फोन वाजला म्हणून घाईत फ्रीजऐवजी फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी बर्फ झालेली दिसली. एका रात्रीनं काय होतंय, असं म्हणत त्यांनी ती वितळवून गुपचूप फ्रीजमध्ये ठेवली.

काका बावीस वर्षं पेशी वाढवत होते. तिथं पीएचडी करणारी एक मुलगी रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींवर, ‘मदतनीस टी-पेशीं’वर, काम करायची. कोवळ्या पेशीची कॉलेजातल्या पोरांसारखी शाखा ठरलेली नसते, असं ती म्हणे. मिळेल त्या संदेशानं काही जनुकं उघडतात, काही मिटतात. मग एक पेशी जंतूंशी लढणारी रसायनं सोडते, दुसरी दमा भडकवणारी. तिनं एक जनुक बंद केलं, आणि दम्याच्या वाटेला लावलेल्या पेशी चक्क जंतूंच्या वाटेला गेल्या. ती प्रयोगशाळेभर नाचली. तिच्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. प्रबंध महिन्याभरात जायचा होता.

काकांना मात्र ती गोठलेली बाटली आठवली. जंतूंच्या वाटेला नेणारा संदेश अडवणं हे त्या अँटीबॉडीचं काम. साध्या पेशींना जुनी बाटली वापरली होती, जनुक बंद केलेल्यांना ही, गोठून कदाचित निकामी झालेली. फरक जनुकाचा की बाटलीचा?

शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडून त्यांनी पन्नास मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम थेंबभर, अँटीबॉडी उसनी आणली. वाटीभर साखर मागायला आल्यासारखे आलात, असा टोमणा ऐकून घेतला. साध्या आणि जनुक बंद केलेल्या, दोन्ही पेशी त्याच अँटीबॉडीवर पुन्हा वाढवल्या. सहाव्या दिवशी यंत्रानं आकडे दिले. दोन्ही पेशी दम्याच्याच वाटेला गेल्या होत्या.

काकांनी कागद मुलीपुढे ठेवला. "बाळा, ती बाटली एक रात्र गोठली होती. माझ्या हातून."

तिनं आकडे पुन्हा एकदा वाचले. "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे मी नाचत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

तिनं भिंतीवर लावलेला त्या निकालाचा आलेख काढला, नीट घडी घातली आणि सरांच्या खोलीत गेली. काकाही मागोमाग गेले. सर ओरडले नाहीत. ते जास्त लागलं.

प्रबंध वर्षभर लांबला. मुलगी अजून काकाच म्हणते, पण आलेली बाटली स्वतः फ्रीजमध्ये ठेवते.

शेजारच्या प्रयोगशाळेची पन्नास मायक्रोलिटर अँटीबॉडी अजून द्यायची आहे.