शांपूने न्हालेलं कोकरू

शी! न्हाणीघराचं दार उघडलं आणि खोबऱ्याच्या शांपूचा असा भपकारा नाकात शिरला की मळमळलंच मला.

माळ ओलांडून येणाऱ्या वाटसरूंना मी खोल्या भाड्याने देते. त्यांचे कुजके मोजे माझ्या हीटरवर वाळतात. दगडाआड बसून उठल्यावर त्यांनी टाकलेले कागद मी काठीने उचलते. किळस आताशा अंगवळणी पडलीय. पण माझ्या टबात कोकरू?

"मॅडम, माळावर एकटंच ओरडत होतं बिचारं," पियर्स म्हणाला. हा लंडनचा पोरगा, मांडीपर्यंत चिखल आणि तोंडावर पुण्य केल्याचा तजेला. "अनाथ आहे हो. दिवसभर जाकिटात घालून आणलं. काय घाण बरबटली होती! छान आंघोळ घातली."

टॉवेल ओढून बघते तर कोकराच्या पाठीवर लाल पट्टा. पाण्याने न जाणारा. हेस्टरची खूण!

हेस्टर अल्डरसन माझी शेजारीण. कोटाला बटणं नाहीत, गवताच्या भाऱ्याची दोरी कमरेला आवळून फिरते. अंगाला मेंढीचा वास इतका की चर्चमध्ये तिचा बाक रिकामा राहतो, आणि तिला त्याचंच हसू येतं. "ऐसपैस बसायला मिळतं गं," म्हणते. लग्न केलं नाही. बापाने मरताना कळप दिला, तो सांभाळत म्हातारी झाली. ह्या मेंढ्यांना कुंपण नसतं. आईमागून चालता चालता कोकरू शिकतं, आपला माळ कुठवर, वाऱ्यात आडोसा कुठे. बाटलीवर वाढवलं की संपलं. मग ते वाटेवर बसून माणसांच्या पिशव्या हुंगतं, माळ त्याला कायमचा परका.

आणि आई चरायला जरा लांब गेली की कोकरू ओरडतंच. त्यात अनाथ कसलं आलंय, डोंबल!

मी फोन केला तशी हेस्टर धावत आली. कोकरू हुंगलं आणि तिचा चेहराच पडला.

"माझ्या सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीची पोर आहे ही," ती मला म्हणाली. "तिची मागची सगळी कोकरं नरच होती, विकली. आता ती पुन्हा व्यायची नाही. ही गेली तर बापाच्या वेळचा तो वंश बुडाला."

बाहेर धुकं इतकं दाट की हात पुढे केला तर दिसेना. उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं. सकाळी तिने पियर्सला गदागदा हलवलं. "ऊठ. जिथून उचललंस तिथे घेऊन चल."

मधल्या दलदलीत गाडी जात नाही, म्हणून तिघं चालत निघालो. हेस्टर पुढे, मध्ये कोकरू घेतलेला पियर्स, मागे मी. वारा कानफटात मारत होता. हेदरच्या झुडपात ओले कागद, एका फांदीला कुत्र्याच्या गुवाची पिशवी कोणीतरी नीट गाठ मारून टांगलेली. कुणासाठी टांगतात मेले? आणि पियर्सची टकळी चालूच. "आईला किती आनंद होईल ना हो?"

प्रत्येक डबक्यापाशी हेस्टर थांबायची. काळा चिखल कोकराला चोळायची, लेंड्या कुस्करून शेपटीखाली माखायची.

"शी! हे काय करताय?" पियर्स ओरडला.

"तुझी घाण काढतेय ती," मी म्हटलं. "मेंढी आपलं पोर वासावरनं ओळखते."

दुपार कलल्यावर त्या खोलगट जागी पोचलो. म्हातारी मेंढी तिथेच होती, आचळं दगडासारखी तट्ट फुगलेली. कोकराने आवाज दिला मात्र, ती धावत सुटली. पियर्सने आनंदाने टाळी वाजवली. मेंढीने कोकराची शेपटी हुंगली, मान खाली घातली आणि अशी ढुशी दिली की ते चिखलात कोलमडलं.

हेस्टरने मेंढीला गुडघ्यांत धरलं, तिचंच दूध पिळून कोकराच्या डोक्यावर, पाठीवर चोळलं. सोडलं. पुन्हा ढुशी. पुन्हा धरलं, पुन्हा चोळलं. उन्हं उतरेपर्यंत हेच. त्या चिखलातून, लेंड्यांतून, दुधातून तो खोबऱ्याचा वास वर येतच होता. मला पियर्सच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

शेवटी हेस्टरने हात सोडले. मेंढी उंचवट्यावर चढली आणि माळाकडे तोंड करून हाका मारू लागली. कोकरू धडपडत तिच्यामागे गेलं. तिने त्याला बाजूला ढकललं आणि पुन्हा हाक मारली.

"अहो, पण ते तिच्या पुढ्यातच उभं आहे!" पियर्स रडकुंडीला आला होता. "मग ही बोलावतेय कुणाला?"

हेस्टर गवताला हात पुसत होती.

"पोरीला," ती म्हणाली.