मामांच्या वेबसाइटला कुलूप

माझे मामा चिखलीत वधू-वर सूचक मंडळ चालवतात. त्यांची वेबसाइट मी बनवली, कारण घरात भाची असताना बाहेरचा माणूस कोण शोधतो. सुरुवातीला ती सगळ्यांना उघडी होती. मग मुलींचे फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरू लागले आणि मुलींचे बाप मामांवर धावून आले.

"लॉगिन लाव त्याले," मामा म्हणाले.

मी लावलं. नोंदणी नसलेल्या माणसाने कुठलंही पान उघडलं, की तो लॉगिनच्या पानावर येऊन आदळायचा. पुढच्याच मेळाव्यात मामांनी स्वतःचा पासवर्ड माइकवरून सगळ्यांना वाचून दाखवला. दारातून कोणी परत जाऊ नये, हा त्यांचा स्वभाव. मग मी पासवर्डच काढून टाकला आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ओटीपी जाईल असं केलं.

त्यानंतर डोणगावहून एक बाई मुलीला घेऊन एसटीने आल्या. पोरीचा फोटो खरंच दिसत नाही ना, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. मी त्यांच्याच मोबाइलवर पान उघडलं. त्याने लॉगिन मागितलं. बाई खूश झाल्या.

"आता पोरं दाखव," त्या म्हणाल्या.

"त्यासाठी तुम्हाला लॉगिन करावं लागेल, मावशी."

"मले काऊन? मी तं नुसती पाह्यणारी आहो."

त्या तक्रार घेऊन आत मामांकडे गेल्या, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "ताई, माहं पान कोणालेच दिसू नये, असं होते का? मले आधी परीक्षा द्यायची आहे."

होत होतं. मी प्रत्येक मुलीला तिचं स्वतःचं लॉगिन दिलं. आपलं पान कोणाला दाखवायचं, ते तिने ठरवायचं. पहिलं मी माझंच बंद केलं. मामांनी ते मला न विचारता टाकलं होतं.

हळूहळू निम्म्या मुली गायब झाल्या. मामा भडकले.

"मंडळ चालवून राह्यलो मी का तिजोरी? उघड ते."

"मले नाही उघडता येत. जिचं पान तिलेच येते."

हे साफ खोटं होतं, पण मामांना तपासता येत नव्हतं. ते माझ्याशी बोलेनासे झाले. मग एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, अमुक मुलगी दिसत नाही म्हणून. मी शेजारीच बसले होते.

"तिनं बंद केलं असन," मामा शांतपणे म्हणाले. "तुमच्या पोराचा फोटो पाह्यला का तुम्ही? जरा बरा टाका."