संध्याकाळचं नेट आणि सुनेचा डोंगर

आमच्या सुनेला आता माहेर म्हणून घर राहिलेलं नाही. उरणच्या बाजूला, द्रोणागिरीच्या जवळ खाडीकाठचं एक जुनं गाव आहे, तिथे ती वाढली. आधी आई गेली, मग वडील गेले, घराला कुलूप लागलं. उरला एक मोठा भाऊ, तो नोकरीसाठी पार लांब थंडीच्या देशात. आपली संध्याकाळ होते तेव्हा त्याची सकाळ असते. तर दर शनिवारी दिवेलागणीच्या सुमाराला ही हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढे बसते, तिकडे तो बसतो, आणि दोघं बहीणभाऊ मिळून एक डोंगर चढतात.

खरा नाही हो, खेळातला. लग्न होऊन आली तेव्हा मला जरा नवलच वाटलं होतं, की सून गेम खेळते. सोसायटीतल्या बायकांनी विचारलंही, की हे काय गं, पोरंबाळं खेळतात ते? मी म्हटलं, तुम्ही दुपारी मालिका बघता त्यापेक्षा बरं, निदान हिला हात तरी हलवावे लागतात.

खेळ सोपा आहे सांगायला. दोन माणसं एकाच दोराला बांधलेली. एकाने वर चढायचं, तोवर दुसऱ्याने खाली दोर धरून उभं राहायचं. मग पाळी बदलायची. धरणाऱ्याचा हात सुटला की दोघंही घसरत खालच्या तंबूपाशी, आणि तिथून परत सगळं पहिल्यापासून. हेडफोनने कान दुखतात म्हणून ती स्पीकर लावते, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या घराला ऐकू येतं. आमच्याशी ती आपली शहरी मराठी बोलते, पण भावाशी बोलताना तिची गावची भाषा बाहेर येते, आणि आवाजही बदलतो. "बाय, दोर धरलास ना?" तो विचारणार, त्यांच्याकडे बहिणीला बाय म्हणतात, आणि ही म्हणणार, "हाय रे दादा, धरलाय. जा तू." मला ते ऐकायला इतकं आवडायला लागलं की शनिवारची भाजी मी तिच्या मागच्या दिवाणावर बसूनच निवडते. गवार निवडता निवडता मीही दरड कुठे आहे ते सांगते. भाऊ तिकडून म्हणतो, मावशी आहेत ना मागे, मग काही चिंता नाही.

हे असं छान चाललं होतं. मग उन्हाळ्यात त्याने सांगितलं की जूनपासून त्याची ड्युटी बदलणार, शनिवार सुट्टीचा राहणार नाही, आणि बाकीच्या दिवशी दोघांच्या वेळा जुळायच्या नाहीत. म्हणजे मे महिना हातात होता. शिखर फार लांब नव्हतं. ही म्हणाली, मेमध्ये वर पोचायचंच. आणि नेमकं तेव्हाच आमचं नेट जायला लागलं.

नेट जायचं, आणि कधी कधी कॉम्प्युटरही थिजायचा. मला सुरुवातीला दोन्ही एकच वाटायचं, काय तर अडकलं. पण मागे बसून बघता बघता मला फरक कळायला लागला. नेट जायचं तेव्हा हिचा माणूस हालायचा, पण भावाचा माणूस कड्याला पाल चिकटावी तसा चिकटून राहायचा आणि त्याचा आवाज तुटायचा. कॉम्प्युटर थिजायचा तेव्हा मात्र बाणसुद्धा हलायचा नाही, स्पीकरमधून एकच सूर घरघरत राहायचा आणि खालच्या डब्यातला पंखा जोराने ओरडायचा. मी मुलाला म्हटलं, ही दोन दुखणी वेगळी आहेत, एका गोळीने जायची नाहीत. तो हसला. पण त्याने डबा उघडला खरा. टेबलाखाली दार असलेल्या कप्प्यात तो डबा ठेवलेला, आत धुळीचा नुसता गादीसारखा थर. समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे, दुसरं काय होणार. सगळं झटकून पुसून झाल्यावर थिजणं कमी झालं. बंद नाही झालं, पण कमी झालं.

नेट मात्र दाद देईना. मुलाने राउटर बंद करून पुन्हा चालू केला, कॉम्प्युटरला थेट वायर जोडली, कसल्या कसल्या सेटिंग बदलल्या. कंपनीचा माणूस येऊन गेला. तो आला सकाळी, आणि सकाळी आमचं नेट वाऱ्यासारखं पळायचं. त्याने मोबाइलवर आकडे दाखवले, सगळं ठणठणीत. संध्याकाळी सगळी बिल्डिंग घरी येते, सगळे एकदम वापरतात, म्हणून होत असेल, असं सांगून तो गेला. आम्हाला पटलं. पण शेजारी तर संध्याकाळी क्रिकेटची मॅच बघत होते, त्यांचं एकदाही अडकलं नाही.

एका शनिवारी दोघं शेवटून दुसऱ्या तंबूच्या अगदी जवळ होते. भाऊ वर चढत होता, ही दोर धरून. आणि गेलं. परत आलं तेव्हा दोघं खाली घसरलेले. परत चढले, परत गेलं. तिसऱ्यांदा घसरल्यावर हिने माउस बाजूला सारला. मग अगदी हळू म्हणाली, "दादा, राहू दे. तू दुसऱ्या कुनाला तरी जोडीला घे. निदान तू तरी वर जाशील."

तिकडून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दुसऱ्या कुनाबरोबर कशाला जाऊ? मना डोंगराचं काय पडलंय?"

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. त्या रात्री ती नीट जेवली नाही, आणि मुलगा काही समजवायला गेला तर मी त्याला खुणेने गप्प केलं. अशा वेळी सेटिंगचं बोलू नये.

पुढच्या शनिवारी आमचे हे वाशीला गेले, घाऊक बाजारात आंब्याची पेटी आणायला. जुने ऑफिसातले मित्र भेटले, चहा झाला, गप्पा झाल्या, यायला चांगलाच उशीर झाला. आणि त्या संध्याकाळी नेट एकदाही गेलं नाही. कॉम्प्युटर थिजला नाही. दोघं सरळ शेवटच्या तंबूत जाऊन बसले. मुलगा खूश, म्हणाला मी सेटिंग बदललं ना, त्याचा परिणाम. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. त्याच्या पुढच्या शनिवारी हे घरात होते, आणि खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला तर नेट गप्प. वर कॉम्प्युटरही थिजला.

आता माझं डोकं काही कॉम्प्युटरचं नाही. शाळा माझी लवकर सुटली, जे काय आलं ते बघून बघून आलं. पण घरात रोज काय होतं ते मला पाठ असतं. मी विचार केला, दोन शनिवारांत फरक काय? सेटिंग तेच, खेळ तोच, माणसं तीच. एक माणूस नव्हता.

मी यांना सांगितलं, "तुम्ही घरात असलात की नेट जातं."

हे पेपरातून वर न बघता म्हणाले, "मग मी जाऊ कुठे? हिमालयात?"

"डोंगरावर आधीच दोघं अडकलेत. तुम्ही उद्या संध्याकाळची तुमची फेरी मला दाखवून मारा."

ही फेरी म्हणजे काय ते सांगते. आमचं सानपाडा, खाडी हाकेच्या अंतरावर, आणि ऊन उतरलं की डास असे येतात की कोणी दार उघडून आत सोडल्यासारखे. इथे बहुतेक घरांत त्या वेळी खिडक्या लागतात. पण आमच्याकडे त्याचं जरा जास्त आहे. काही वर्षांपूर्वी यांना डेंग्यू झाला होता. दवाखान्यात होते, पार वाळून काटकी झाली होती, मी तेव्हा जे दिवस काढले ते परत आठवायला नकोत. तेव्हापासून ऊन खाली आलं की हे उठतात, एकेक खिडकी लावतात, पंखे बंद करतात आणि कडुनिंबाचा पाला घालून धूप फिरवतात. पंखा बंद का, तर धूर टिकला पाहिजे. कोणी मध्ये बोललेलं चालत नाही. हे घरी नसले की ती फेरी राहूनच जाते.

दुसऱ्या दिवशी मी राउटरपुढे खुर्ची घेऊन बसले. त्याच्यावर बारके दिवे आहेत हिरवे, ते नीट जळत होते. यांनी स्वयंपाकघराची खिडकी लावली. दिवे तसेच. बेडरूमची लावली. तसेच. मग हॉलची ती मोठी सरकती खिडकी यांनी ढकलली, शेवटी हाताच्या तळव्याने एक दणका दिला, कडी खट्कन बसली, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक हिरवा दिवा विझून बाजूचा लाल लुकलुकायला लागला.

"उघडा," मी म्हटलं. उघडली. थोड्या वेळाने परत हिरवा. "आता लावा." लाल. "उघडा." हिरवा. "परत लावा."

"मी काय लिफ्टचं दार आहे?" हे म्हणाले. पण तेही येऊन दिव्याकडे बघायला लागले.

मुलगा आला, त्याने खाली बसून खिडकीची खाच बघितली. नेटची वायर तिथूनच आत आलेली. पाडव्याच्या आधी आम्ही हॉलला रंग काढला होता आणि लगेच हे नवीन नेट घेतलं. वायर लावणारा भिंतीला भोक पाडायला निघाला तेव्हा यांनी ताज्या रंगाला हात लावू दिला नव्हता, म्हणून त्याने वायर खिडकीच्या खाचेतून घेतली. दिवसभर खिडकी उघडी, वायर मोकळी. संध्याकाळी खिडकी येऊन तिच्यावर बसायची, आणि रोज थोडी थोडी दबत मेपर्यंत ती पार चेपली. मुलाने सांगितलं, या वायरच्या आत केसासारखी काच असते आणि तिच्यातून उजेड धावतो; दाबली, मुडपली, की उजेड अडतो, आणि खिडकी वाऱ्याने जरा हलली की परत धावतो, म्हणून नेट जाऊन येऊन असायचं. आणि मेच्या उकाड्यात सगळं बंद, पंखाही बंद, डबा दाराच्या कप्प्यात, म्हणून कॉम्प्युटर तापून थिजत होता. दोन दुखणी वेगळी होती, पण दोन्ही एकाच वेळेला का यायची ते आता कळलं.

डबा कप्प्यातून बाहेर काढणं सोपं होतं. वायरचं तसं नव्हतं. एसीच्या नळीच्या भोकातून नवीन वायर घेता येईल, असं कंपनीने सांगितलं, पण माणूस येणार शनिवार उलटल्यावर, सोमवारी. आणि शनिवार होता मेमधला शेवटचा. मुलगा म्हणाला, दाबून दाबून वायर मोडायला आली आहे, आता तिला धक्कासुद्धा लावू नका, खिडकी पूर्ण उघडी राहिली पाहिजे. म्हणजे ऐन डासांच्या वेळेला.

यांनी उघड्या खिडकीकडे बघितलं. सुनेच्याही ते लक्षात आलं. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या. तुम्हाला परत काही झालं तर? खेळच आहे तो."

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "किती वाजता बसणार तू?"

शनिवारी हे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, पायात मोजे चढवून, हातापायांना डासांचं मलम फासून खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. हातात ती डास मारायची विजेची रॅकेट. लग्नात बसले होते तसे ताठ. खिडकी सताड उघडी, पंखा पूर्ण जोरात, आणि डास आले की रॅकेट फिरायची, चट्. परत चट्चट्. मी मुद्दाम बडबड केली नाही. दोघं चढत होते. वाटेत एकदा भावाचा माणूस थांबला, मी राउटरच्या दिव्याकडे बघितलं, पण भाऊ नुसता चहा घ्यायला उठला होता. "बाय, धरलास ना?" "हाय रे, धरलाय."

आणि पोचले. वर बघण्यासारखं काही नाही हो. एक निशाण, थोडा बर्फ, आणि दोघांना बसता येईल एवढा खडक. ही नुसती डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात इकडे आवाज झाला, चट्.

"बाय, तो आवाज कसला?"

"मच्छर रे. आमचे बाबा मारतात. खिडकी उघडी हाय."

तो हसायला लागला. म्हणाला, किती वर्षं झाली घरात डास बघून, इथे खिडक्या उघडतच नाहीत. मग जरा थांबून त्याने विचारलं, "खाडीचा वास येतो काय?"

ती उठली. खिडकीशी गेली, यांच्या खुर्चीच्या बाजूला उभी राहिली. ओहोटी लागलेली असावी, चिखलाचा तो ओला, खारट वास वाऱ्याबरोबर आत येत होता. आम्हाला रोजचा आहे, आम्ही नाक मुरडतो. ती तिथूनच मोठ्याने म्हणाली, "येतोय दादा. आपल्या घराच्या मागं यायचा तसाच."

"मंग बस जरा. लगेच उतरायचं नाय."

ती परत येऊन बसली. पडद्यावर दोन माणसं खडकावर टेकलेली, दोर अजून बांधलेला. त्यांनी गावचं काय काय काढलं, कोणाचं नाव, कोणाची होडी, आईच्या हातचं काय. मला निम्मं कळलं नाही आणि मी कळून घ्यायला गेलेही नाही. यांनी मला खुणेने विचारलं, पोचले का? मी मान हलवली. हे उठून पडद्यापाशी आले, वाकून एकदा नीट बघितलं, आणि परत जाऊन खिडकीपाशी बसले, कारण डास अजून येतच होते.